चंदाचा बोजारा

माझ्या धाकट्या जावेच्या, चंदाच्या, पोटाबद्दल आमच्या गावात ज्याला त्याला मत आहे. सासूबाई म्हणतात, मिरची बाधली. शेजारची पुष्पाबाई म्हणते, कोणीतरी खाण्यातून काहीबाही चारलं. करडी गावच्या एका शहाण्याने तर बाळंतपणात पथ्य पाळलं नाही म्हणून असं झालं, असा निकालच देऊन टाकला. निकाल द्यायला कोणाच्या बापाचं काय जातं! शौचातून रक्त जात होतं ते चंदाचं.

शेवटी मीच तिला नागपूरला नेलं. डॉक्टरांनी दुर्बिणीने पाहिलं. मोठ्या आतड्याला आतून सूज होती, जखमा होत्या. ते म्हणाले, शरीराची राखण करणारी शक्तीच आतड्यावर उलटली आहे. राखणीचा कुत्रा घरच्यांनाच चावायला लागावा, तसं. का उलटली, ते मी विचारलं. "नक्की एक कारण अजून कोणालाच सांगता येत नाही. पण यात हिची चूक नाही, आणि हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही. बरं वाटलं तरी मनाने गोळ्या सोडायच्या नाहीत."

परत येताना चंदा एवढंच बोलली, "माही चूक नाई म्हने. आयकलं न बाई?"

मी ऐकलं होतं. गावाला ऐकवायचं बाकी होतं.

चंदा आमच्या धानाच्या रोवणीच्या टोळीची म्होरकी. मालकाशी गुत्ता, म्हणजे कामाचा ठेका, तीच ठरवते, आणि चिखलात पऱ्हे, धानाची रोपं, लावायला वाकली की तिच्या हाताला कोणी गाठत नाही. पण या आजाराने तिला वेळी-अवेळी धावायला लावलं. आमच्या बांध्या, धानाची खाचरं, म्हणजे चहूकडे उघडं रान. आडोसा म्हणाल तर नाल्यापलीकडची पळसाची झुडपं. म्हणून ती घरून उपाशीच निघायची, पाण्याचा घोटही घ्यायची नाही. परवाच्या साली भोवळ येऊन चिखलातच बसली. पुष्पाबाई तेव्हा सगळ्यांसमोर बोलली, "गुत्त्याचं काम हाये. एकीपायी साऱ्यायनं काहून मराव? तिले घरीच ठेवा."

मला असा संताप आला! टोळी सुटली असती तर चंदा घरात बसून वाळली असती. तिचं स्वतःचं म्हणावं असं तेवढंच होतं.

गेल्या साली रोवणीच्या पहिल्या दिवशी सगळ्या जमल्या, आणि चंदा धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभी राहिली. घरात नवऱ्यासमोर जे बोलायला लाजायची, ते तिने भर शेतात सांगितलं.

"माह्या आतडीले बिमारी हाये. संडासले घडीघडी जा लागते, कधी रक्त जाते. तुमाले लागन होत नाई, डाक्टरनं सांगतलं. मी गेली त माही ओळ तशीच ठेवा, मी येऊन भरीन. आन् कोनाले मी टोळीत नको असन त आत्ताच सांगा."

मग पुष्पाबाईच खाली मान घालून म्हणाली, "मी त बांधीत येतो म्हनून सकाळपासून पानीच पेत नाई, बाप्पा. जा कुठी?" एकेक करत सगळ्याच बोलू लागल्या. आजार एकीला, पण कोंडमारा सगळ्यांचा!

रोवणी संपली की शेवटच्या बांधीत बाया चिखलाच्या हातांनी मालकाला घेरतात. बोजारा कबूल केल्याशिवाय त्याची सुटका नाही. बोजारा म्हणजे टोळीला मेजवानी, ही जुनी रीत. मालक भैय्याजी हुशार, चिखल लागणार म्हणून जुने कपडे घालूनच आले.

"बोला, कोंबडा का बोकड?"

"संडास," चंदा म्हणाली. "मोटारीच्या खोलीजवळ, पानी हाये तिथं. दाराले आतून कडी."

भैय्याजी हसले. "बोजाऱ्यात कोनी संडास मागते का वो?"

"बोकड एका दिवसात सरते, भैय्याजी. आमी दरसाल येतो."

पुष्पाबाईला बोकड किती प्रिय, हे सगळ्या गावाला ठाऊक. भैय्याजी तिच्याकडे वळले. "तुमी सांगा, पुष्पाबाई."

पुष्पाबाईने ओंजळभर चिखल उचलला. "ते आमची म्होरकी हाये. ते म्हनते तोच आमचा बोजारा. हो म्हना, नाईत डोये मिटा."

भैय्याजींनी हो म्हटलं. मला तेव्हा रडू आलं, सांगायला लाज कसली! माझी जाऊ आहे ती.

आजार गेलेला नाही. मधूनच उसळतो. पावसाळ्यात नाले चढले की आमचं गाव बेटच होतं, म्हणून ती गोळ्या आधीच आणून डब्यात ठेवते. पण भैय्याजींच्या शेतात आता विटांची खोली आहे, वर टिनपत्रे आहेत, आणि दाराला आतून कडी आहे.

या साली रोवणीच्या पहिल्या सकाळी मी तिला हाक मारायला गेले. ती चुलीपाशी ताट घेऊन बसली होती. ताटात वरण-भात होता, भरपूर.

"थांबा न बाई," ती म्हणाली, "जेवून राहिली."

मी उंबऱ्यावर बसले. त्या दिवशी टोळी उशिरा निघाली, आणि पुष्पाबाईसुद्धा काही बोलली नाही.