सरांकडची एक जागा

पेट, म्हणजे पीएचडीची प्रवेश परीक्षा, पास झाले, मुलाखत झाली आणि पुण्यात विद्यापीठातल्या विभागाच्या फलकावर गाईडची यादी लागली. प्रत्येकाच्या नावापुढे रिकाम्या जागांचा आकडा. मला तळेघरच्या डोंगरातल्या पायवाटांवर पीएचडी करायची होती. त्या विषयाचे सर एकच, आणि त्यांच्या नावापुढे शून्य.

"त्यांचा कुणी जुना विद्यार्थी प्रबंध सादर करेल तेव्हा जागा होईल," खिडकीतले क्लार्क म्हणाले. "महिन्याच्या आत त्यांचं संमतीपत्र आणा, नाहीतर पुन्हा परीक्षा."

पुन्हा परीक्षा? मी तिथेच हट्टाला पेटले. चौकशी केली तर कळलं, सरांची सगळ्यात जुनी विद्यार्थिनी म्हणजे डिंगोऱ्याच्या एक शिक्षिका. आठ वर्षं जुन्नरच्या आठवडे बाजारांवर लिहीत होत्या आणि प्रबंध म्हणे 'झाल्यातच जमा' होता. माझ्या गावाहून, कळंबहून, माझी स्कूटी निघाली ती थेट त्यांच्या अंगणात थांबली.

"ताई, काय राहिलंय?"

"संदर्भांची यादी. नि शेवटचं प्रकरण जरा नीट करायचंय."

"यादी मी करते."

त्या हसल्या. "लई घाई हाय तुला."

"हाय!" मी म्हटलं.

मग प्रत्येक रविवारी मी डिंगोऱ्यात. त्या सांगायच्या, मी टाईप करायचे. कोणत्या बाजारात कोणती बाई कुठल्या झाडाखाली सुकट घेऊन बसते, हेसुद्धा त्यांनी लिहून ठेवलं होतं. वाचताना मी माझा स्वार्थ चक्क विसरून जायचे, इतकं ते झकास होतं. पण यादी संपत आली की त्यांना नवा तक्ता सुचायचा. मग मात्र माझं डोकं फिरायचं. "ताई, आता एक अक्षर वाढवलंत तर लॅपटॉप घेऊन पळून जाईन!"

मुदतीला दोन दिवस असताना आम्ही दोघी पुण्यात पोहोचलो. ताईंचा प्रबंध खिडकीतून आत गेला, शिक्का बसला. सरांनी लगेच माझ्या संमतीपत्रावर सही केली. कागद हातात धरून मी व्हरांड्यात अक्षरशः उड्या मारल्या. आनंदाने ओरडतच वळले, तर ताई बाकावर बसून त्या खिडकीकडेच बघत होत्या.

"आता व्हायव्हाला, तोंडी परीक्षेला, एकदा यायचं," त्या म्हणाल्या. "नंतर पुण्याला यायला घरी काय कारण सांगू? सरांना प्रबंध दाखवायला यायचे, तो महिन्यातला येक दिवस माझा व्हता. म्हणून तर यादी संपत नव्हती."

इतके दिवस मी त्यांना चालढकल करणारी बाई समजत होते. मला स्वतःची लाज वाटली.

"सरांनी मला पुढच्या महिन्यात बोलावलंय," मी म्हटलं. "दर महिन्याला यायचंय. तुम्ही बरोबर चला."

"आन् घरी काय सांगू?"

"सांगा, कळंबच्या त्या पोरीला एकटीला काही जमत नाही."

ताईंनी पदराने डोळे पुसले आणि माझ्याकडे नीट बघितलं.

"ते काय खोटं न्हाई," त्या म्हणाल्या.