साहेबाची वीस मिनिटं

साजगावच्या कारखान्यात साहेबाचं हेलिकॉप्टर उतरायचं, ती जागा हिरामण सारवायचा. हो, सारवायचा! टँकरभर पाणी मारूनही धूळ उडायची, तेव्हा यानं भात झोडायचं खळं सारवतात तशी ती जागा शेणानं चोपून काढली. एक कण उडाला नाही. मग काय, काम गळ्यातच पडलं. वर ओला पेंढा पेटवून धूर करायचा, म्हणजे वारा कुठला ते वैमानिकाला दिसतं. त्याचा कोण अभिमान होता त्याला!

साहेब भेटेल त्याला सांगायचा, मुंबईचा विमानतळ गाठायला मोटारीनं अडीच तास, हेलिकॉप्टरनं वीस मिनिटं. त्या वीस मिनिटांसाठी अकरा माणसं पहाटेपासून राबायची, त्यांचा वेळ कुणाच्या खिजगणतीत नव्हता.

चौऱ्याऐंशीच्या ऑक्टोबरात एका सकाळी लोधिवलीहून चुलतभाऊ सदू धापा टाकत आला. "तात्या गेला रं, हिरामण. चल."

बाप गेला होता आणि हिरामण एकुलता एक. अग्नी त्यानंच द्यायचा. तो मॅनेजरकडे धावला.

"एक वाजता हेलिकॉप्टर येतंय. धूर कोण करणार?" मॅनेजर म्हणाला. "साहेब उडाला की गाडी रिकामीच आहे. ती तुला दारात सोडेल."

आणि या शहाण्याला ते पटलं! एस.टी.नं तासात पोचला असता. पण साहेबाच्या गाडीतून गावात उतरायचं, याचा त्या दुःखातही त्याला जरा दिमाख वाटला. "मी साहेबाच्या पांढऱ्या गाडीनं येतो," तो सदूला म्हणाला. "तवर थांबा म्हनावं."

एक वाजला, दोन वाजले. आभाळ भरून आलेलं. हिरामण पेंढा टाकत राहिला, डोळे चोळत राहिला. साडेतीनला निरोप आला, ढगांमुळे हेलिकॉप्टर निघत नाही. साहेब चरफडत गाडीत बसला.

"साहेब, मला लोधिवलीला..." हिरामण पळत गेला. मॅनेजरनं त्याचा दंड धरला. "आधी आग विझव."

गाडी गेली. साहेबाचं विमानही चुकलं म्हणे. सकाळीच मोटारीनं निघाला असता, तर मुंबईत जेवून, डुलकी काढून विमानात बसला असता. पण हे त्याला सांगायची कुणाची छाती होती?

हिरामण एस.टी.तून उतरला तेव्हा दिवस मावळत आला होता. चिता अर्धी जळून गेलेली. अग्नी सदूनं दिला होता.

तात्याचा भाऊ मोरूकाका हिरामणजवळ आला. म्हणाला, "लई वाट बघितली रं तुजी. शेवटी उचलला. हायवेवर आलो तर पांढरी गाडी दिसली. म्हनलं, आला पोरगा. तिथंच तिरडी खाली टेकली, समद्यांनी हात केले."

"मग?"

"डायव्हरनं हॉर्न मारला. थांबला नाय. मग आमीच तात्याला उचलून बाजूला घेतलं."