माझ्या आईचं नाव काकी

मे महिन्यातल्या दुपारी आमच्या रत्नागिरीच्या घरात कुणी धड झोपत नाही आणि कुणी धड जागंही नसतं. जेवणं झाली की मुलांना माजघरातल्या गार फरशीवर ओळीने आडवं करायचं, खिडक्या ओढून घ्यायच्या, आणि मग त्या अंधुक उजेडात पडून राहायचं. परसात माडाच्या झावळ्या सळसळत असतात. स्वयंपाकघरात कुणीतरी पातेली विसळत असतं. घाटीवरून एखादी रिक्षा कण्हत वर चढते. आणि या सगळ्यातून अधूनमधून हाका येत राहतात, कधी या खोलीतून, कधी त्या. कोण कुणाला बोलावतंय हे कळायच्या आत डोळा लागतो. पुण्यात वर्षभर मी सुट्टीची वाट बघते ती आंब्यांसाठी, असं सगळे समजतात. समजू देत. मला या दुपारी हव्या असतात.

या वर्षी अशाच एका दुपारी कुणीतरी माझ्या खांद्याला हात लावून म्हणालं, "आत्या, पाणी."

माझ्या चुलतभावाची दोन मुलं मला आत्या म्हणतात. त्यांच्यातलं कुणी असेल म्हणून मी डोळे न उघडताच म्हटलं, "माठातलं घे जा."

"माझा हात पुरत नाही," आवाज म्हणाला. डोळे उघडून बघते तर माझा स्वतःचा मुलगा. वय वर्षं तीन, केस घामाने चिकटलेले, आणि मी आत्या असल्याबद्दल चेहऱ्यावर कसलीही शंका नाही.

घरभर हशा पिकला. संध्याकाळपर्यंत शेजारच्या आगरातल्यांनाही कळलं. मीही हसले. पण दुसऱ्या दिवशीही तो आत्याच म्हणत राहिला, तिसऱ्या दिवशीही, तेव्हा माझं हसू आटलं. त्याला अंगणात धरून उभा केला.

"अरे, मी तुझी आई ना?"

"हो," तो समजुतीने म्हणाला. "पण इथे सगळे आत्या म्हणतात."

मी त्याच्यावर चिडले, मग चिडले म्हणून स्वतःवर चिडले. माझी आई ओटीवर बसून हे बघत होती. ती म्हणाली, "म्हणू दे गो. पुण्याला गेलात की येईल तोंडात आपोआप."

"माझ्या कुठे आलं?" मी बोलून गेले.

ती उन्हात घातलेली आंब्याची साठं आत घ्यायला उठली.

इथे थोडं घरातलं सांगायला हवं. या घरात थोरले काका-काकू आणि माझे आईवडील एकत्र राहायचे. काका आणि बाबा आता नाहीत. दोघी जावा आहेत, आणि काकूंच्या दोन मुलग्यांपैकी एक, म्हणजे माझा चुलतभाऊ, त्याच्या संसारासकट इथेच आहे. काकूंचे दोन्ही मुलगे माझ्याआधीचे. ते आपल्या आईला आई म्हणायचे आणि माझ्या आईला काकी. मला बोल फुटले तेव्हा ही दोन नावं घरात आयती तयार होती. मी ती तशीच उचलली. थोरली काकू झाली आई आणि माझी आई झाली काकी. आमच्याकडच्या एकत्र घरांत याचं कुणाला काही वाटत नाही. स्वतःच्या आईला जन्मभर वहिनी म्हणणारी म्हातारी माणसं मी पाहिली आहेत. शाळेत 'माझी आई' हा निबंध आला तेव्हा मी बिनदिक्कत लिहिलं होतं की माझी आई उंच आहे आणि तिला वांगं आवडत नाही. ती सगळी काकू होती. माझी आई ठेंगणी, आणि तिला वांगं जिवापाड आवडतं.

काकी हे मला कधी नातं वाटलंच नाही. ते तिचं नाव होतं. ताप आला की तेच तोंडात यायचं, पडले की तेच. त्यामुळे मला कधी काही खुपलं नव्हतं. पण चार दिवस आत्या म्हणवून घेतल्यावर वाटायला लागलं, मला इतकं लागतंय, तर तिचं काय झालं असेल? तिच्या डोळ्यांसमोर, हाताच्या अंतरावर, तिचीच मुलगी दिवसभर दुसऱ्या बाईला आई म्हणून हाक मारायची. आणि तिने एकदाही, गमतीतसुद्धा, मला अडवलं नव्हतं.

मी ठरवलं, जायच्या आधी एकदा तिला आई म्हणायचं.

ठरवणं सोपं होतं. दुपारी फरशीवर पडल्या पडल्या मी मनात सराव करायचे. एका बाजूला मुलगी, एका बाजूला मुलगा, दोघांचा श्वास संथ लागलेला, आणि मी दोन मुलांची आई, आई हा शब्द शिकतेय. तो घशापर्यंत नीट यायचा आणि बाहेर पडताना काकी होऊन पडायचा. अर्धवट झोपेत एकदा वाटलं, मी हाक मारली आणि तिने वळून बघितलं. जाग आली तेव्हा ती आतून विचारत होती, "चहा टाकू ना गो?"

निघायच्या आदल्या सकाळी दोघी जावा मागच्या पडवीत आमसुलांसाठी रातांबे फोडत बसल्या होत्या. दोघींची बोटं लालभडक. मुलं विहिरीकडे गेली होती. मी दारात उभी राहिले आणि आईच्या पाठीकडे बघत म्हटलं, "आई."

"ओ," काकूंनी ओ दिली. "काय गो, काय झाला?"

माझ्या आईने मानही वर केली नाही. ती रातांबा फोडत होती. मी पुन्हा म्हटलं, जरा मोठ्याने, "आई."

"वहिनी, तुम्हाला हाक मारतेय ती," आई म्हणाली.

"मी काकीला हाक मारतेय," मी म्हटलं.

दोघी थांबल्या. काकू एकदा माझ्याकडे, एकदा जावेकडे बघायला लागल्या. मग आई हसली. "मग काकी म्हण की. भलतं काहीतरी काय? मला वाटला, हिला उन्ह लागला." काकूही हसल्या, पण जरा उशिराने. आईने लगेच बियांचं भांडं त्यांच्याकडे सरकवलं आणि पावसाआधी वाळतील का नाही, यावर बोलायला लागली. मी आत निघून आले. मला रडूही येत होतं आणि तिचा रागही आला होता.

दुसऱ्या दिवशी स्टेशनवर सोडायला भाऊ आणि आई आली. काकूंचे गुडघे दुखतात, त्या घरीच थांबल्या. गाडी उशिरा होती. भाऊ मुलांना घेऊन पुढे इंजिन कुठे थांबतं ते दाखवायला गेला. आम्ही दोघी बाकावर बसलो. ऊन पलीकडच्या कातळावर पसरलं होतं, आणि फलाटावर इतकं शांत होतं की पंख्याची घरघर ऐकू येत होती. ती रुळांकडे बघत होती.

"काल काय म्हणालीस ते म्हण बघू परत," ती म्हणाली.

"काय?"

"तेच. आता वहिनी नाहीत इथे."

मला कळायला क्षणभर वेळ लागला. ती काल ऐकू न आल्यासारखी बसली होती, ती का, ते तेव्हा समजलं. इतकी वर्षं ती का गप्प होती, तेही समजलं. माझे डोळे भरून आले.

"आई," मी म्हटलं.

"ओ," ती म्हणाली, आणि पदर सारखा करून गाडी येतेय का ते बघायला लागली.