दोन वाजताचा खोकला

पाइपावर लांब स्क्रूड्रायव्हर टेकवून त्याची मूठ कानाला लावायची सवय, म्हणून सगळे त्याला डॉक्टर म्हणत. होता तो प्लंबर, शिक्षण बेताचंच, पण भिंतीआड पाणी कुठे अडलंय ते तो नुसतं ऐकून सांगे. भुताटकीच्या नावाने आलेली प्रत्येक तक्रार त्याने तीस वर्षांत वॉशर, व्हॉल्व्ह नाहीतर हवेवर आणून बसवली होती. त्याचा त्याला ताठाही बराच होता.

त्या दिवशी एका बाईने त्याला आईच्या घरी बोलावलं. दारातच आईची भरलेली बॅग उभी होती.

"बाबांना जाऊन चार महिने झाले," ती हळूच म्हणाली. "आणि आईला रोज दुपारी दोनला स्वयंपाकघरातल्या नळातून त्यांचा खोकला ऐकू येतो. मी त्या वेळी ऑफिसात असते, आज रजा घेतलीय. तुम्ही बघा. काही निघालं नाही, तर आजच तिला माझ्याकडे नेते. अशी एकटी कशी ठेवू?"

"बहिरी नाही गं मी," आतून आई म्हणाली. "आणि वेडीही नाही. दादा, दोन लहान, एक लांब, मग घसा खाकरतात. चाळीस वर्षं ऐकलाय तो खोकला."

डॉक्टरने पेला भरला. पाणी दुधासारखं पांढरं होतं. मग तळाकडून वर निवळत गेलं. "हवा आहे," तो म्हणाला. विहिरीच्या पाण्यात लोह, म्हणून मागच्या पडवीत फिल्टर होता, काही वर्षांपूर्वी त्यानेच बसवलेला. त्याने पाणी फिल्टर टाळून थेट घरात सोडलं, तशी नळांची फुरफुर थांबली. म्हणजे दोष फिल्टरचाच. उघडून पाहिलं, तर हवा आत घेणाऱ्या व्हॉल्व्हमध्ये गंजाची खपली अडकलेली.

मग त्याचं लक्ष फिल्टरच्या घड्याळाकडे गेलं. हे यंत्र रोज एकदा स्वतःला धुतं आणि हवा भरून घेतं. सगळीकडे त्याला रात्रीची वेळ लावतात, कारण तेव्हा कोणी नळ उघडत नाही. इथे दुपारचे दोन होते, म्हणजे खोकल्याचीच वेळ, आणि ते त्याने स्वतःच लावले होते. तेव्हा त्याच्यामागे उभे राहून या आईंचे यजमान म्हणाले होते, "रात्री नको हो. हिची झोप फार सावध. आवाजाने उठून बसेल."

त्याने ते सांगितलं, तशी आईने पदर डोळ्यांना लावला. "मला कधी बोलले नाहीत."

"आवाज खरा होता ना, मग झालं," मुलगी म्हणाली. "पण ते बाबा नव्हते, एवढं म्हण आई. मग खुशाल राहा इथे."

राहायचं आईला याच घरात होतं, एक वाक्य बोललं की झालं असतं. "खोटं कसं बोलू?" ती म्हणाली.

मुलीने बॅग उचलली.

डॉक्टरला वाईट वाटलं, पण त्यात तो काय करणार? व्हॉल्व्ह काढून टेबलावर ठेवला होता. फिल्टरचा प्लग त्याने काढला होता, पाणी अजून थेट विहिरीतून येत होतं. उरलीसुरली हवा जावी म्हणून स्वयंपाकघरातला नळ अर्ध्या तासापासून चालू होता. धार दोऱ्यासारखी सरळ पडत होती.

भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजले.

धार तुटली. नळ दोनदा बारीक खोकला. मग एकदा लांब, थकून. मग कोणीतरी घसा खाकरला.

डॉक्टरने खाली पाहिलं. प्लगची वायर त्याच्या हातातच होती.

"बाबा?" दारातून मुलगी म्हणाली. तोंडातून निघून गेलं, आणि मग तिने तोंडावर हात ठेवला.

धार पुन्हा सरळ पडू लागली. आईने पुढे होऊन नळ बंद केला, ओटा पुसला.

"बॅग आत आण," ती म्हणाली.