नाटक कंपनीच्या ट्रकचे मोठे इंजेक्टर

"गाडीत बिघाड काहीच नाई मॅडम, थोडा धूर मारून राह्यली," असं म्हणून प्रल्हादभाऊंनी ड्रायव्हरला खूण केली. ड्रायव्हरनं स्टार्टर मारला, ॲक्सिलेटर दाबला, आणि ब्रह्मपुरीच्या त्या मैदानात मला प्रल्हादभाऊ दिसेनासे झाले. ट्रकही दिसेना. काळ्या ढगातून फक्त आवाज आला, "पाह्यलं? थोडासाच हाये!"

मी घुग्घुसला डिझेल इंजिनांचं ट्यूनिंग करते. या कामात पान्यापेक्षा लॅपटॉप जास्त लागतो. आताच्या ट्रकमध्ये इंजिनाचा एक छोटा कॉम्प्युटर असतो, त्याला ईसीएम म्हणतात. त्याच्या आतले आकडे दुरुस्त करणं हे माझं काम. माझी नेहमीची गिऱ्हाइकं म्हणजे कोळशाचे टिप्पर आणि सिमेंटचे ट्रेलर. नाटक कंपनीनं बोलावण्याची ही पहिलीच वेळ.

धान कापून झालं की झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या जंगलपट्ट्यात, नाटकांचा हंगाम लागतो. प्रल्हादभाऊंची कंपनी जुनी. स्टेजच्या फळ्या, पडदे, लाइट, सिंहासन, सगळा संसार या एका ट्रकमध्ये. दुसऱ्या दिवशी चामोर्शीकडच्या एका गावात प्रयोग होता. ट्रक वेळेवर पोचला नाही तर ते गाव पुढच्या वर्षी मुरलीभाऊंच्या कंपनीला बोलावणार, हे ठरलेलं. मुरलीभाऊ म्हणजे स्पर्धेतल्या कंपनीचे मालक. त्यांचं नाव निघालं की प्रल्हादभाऊ तंबाखू जरा जोरात मळायचे.

मी विचारलं, "इंजिनात काही बदललंय का?"

"काहीच नाई."

मी ड्रायव्हरकडे पाहिलं. देवाजी हा ड्रायव्हर आणि कंपनीचा खलनायकही. स्टेजवर तो नुसता हसला तरी पोरं आईच्या पदरात शिरतात म्हणे. "देवाजीभाऊ, तुम्ही सांगा."

देवाजीनं मान खाली घातली, ओठ दाबले, आणि फिस्सकन हसला. "मले नाई जमत जी, भाऊ," तो मालकांना म्हणाला. "स्टेजवर मी कितीही खोटं बोलतो. खाली उतरलो का हसू येते."

"खलनायक म्हणे!" प्रल्हादभाऊ कडाडले. मग माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाले, "मोठे इंजेक्टर टाकले."

एका मोठ्या, भंगारात निघालेल्या ट्रकचे इंजेक्टर यांनी एका मिस्त्रीकडून आपल्या इंजिनात बसवून घेतले होते. बांधा सारखाच, म्हणून बसले. पण तोंडाची भोकं मोठी.

इंजेक्टर म्हणजे डिझेलची पिचकारी. ती किती वेळ उघडी ठेवायची ते ईसीएम ठरवतो. पिचकारी बदलली हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. तो बिचारा पूर्वीइतकाच वेळ ती उघडी ठेवत होता आणि आत जवळपास दीडपट डिझेल जात होतं. हवा मात्र पहिल्याइतकीच.

"चुलीत लाकडं कोंबली की काय होतं, भाऊ?" मी विचारलं.

"जाळ वाढते."

"आनंद हाये!" मागून आवाज आला. "जन्मात चूल पेटवली काय तुमी? धूर होते, धूर!"

या मैनाबाई. कंपनीतल्या सगळ्यात ज्येष्ठ. आधी नायिका, आता नायकाची आई. बसमध्ये त्यांना मळमळतं, म्हणून त्या ट्रकच्या केबिनमध्येच बसतात, आणि त्यांच्या जागेवर बसायची हिंमत मालकांचीही होत नाही. मागच्या गावी त्या धुरानं काळ्या होऊन पोचल्या तेव्हा लोकांनी विचारलं होतं, बाई मेकअप घरूनच करून आल्या काय?

मी म्हटलं, "जुने इंजेक्टर परत बसवू या. सगळ्यात चांगला इलाज तोच."

"ते मिस्त्रीनं बदल्यात ठेवून घेतले."

म्हणजे आता ईसीएमलाच समजावणं भाग होतं.

आधी मी गाडी आहे तशी चालवून पाहायची ठरवली. सायलेन्सरच्या पाइपात उष्णता मोजायचा सेन्सर लावला, मांडीवर लॅपटॉप घेतला. गावाबाहेर जंगलाच्या रस्त्याला एक लांब चढ आहे. मागे सगळं सामान लादलेलं. केबिनमध्ये देवाजी, मी, मैनाबाई आणि दाराला चिकटून प्रल्हादभाऊ. चढ लागला. गाडी चौथ्या गिअरमध्ये कण्हायला लागली, देवाजीनं तिसरा टाकला, आणि मागचं अख्खं जंगल आरशातून गायब झालं. स्क्रीनवर उष्णतेचा आकडा असा चढत होता की मी ओरडले, "पाय काढा! पिस्टन वितळतील!"

देवाजीनं पाय काढला. प्रल्हादभाऊंनी हळूच विचारलं, "उद्या पोचते ना जी गाडी?"

"अशी नेली तर इंजिन रस्त्यातच बसेल. मला काम करू द्या."

मैदानात परत आलो. कंपनीच्या जनरेटरवरून बॅटरीला चार्जर लावला, कारण आकडे लिहिताना मधेच व्होल्टेज पडलं तर ईसीएम कायमचा मुका होतो. मूळ फाइलची कॉपी आधी जपून ठेवली. मग पिचकारीच्या वेळेचा तक्ता काढला. किती डिझेल हवं आणि डिझेलच्या पाइपात किती दाब आहे, त्यावरून पिचकारी किती वेळ उघडायची, असा तो तक्ता. तो सगळा नव्या भोकांच्या हिशेबानं कमी केला. धुराची मर्यादाही पक्की केली: हवेला झेपेल तेवढंच डिझेल, वर एक थेंब नाही. प्रत्येक इंजेक्टरच्या डोक्यावर त्याचा स्वतःचा कोड असतो, तोही भरला. मोठ्या भोकांमुळे डिझेल लवकर आत जातं, त्यामुळे ते नीट जळेल आणि चढावर थोडा जोर वाढेल, एवढा फायदा हाती लागणार होता.

पुन्हा तोच चढ. या वेळी गाडी चौथ्या गिअरमध्येच वर गेली. आरशात सागाची झाडं दिसत होती. आकडा जागेवर. देवाजी स्टिअरिंगवर हात आपटून म्हणाला, "मख्खन, मॅडम!"

प्रल्हादभाऊंचं तोंड मात्र उतरलेलं. "धूर गेला," ते म्हणाले.

"हो ना!"

"म्हंजे जोर गेला."

"भाऊ, मघाशी तिसरा टाकावा लागला होता. आता चौथ्यात चढली."

"ते ठीक हाये. पण काही वाटलं नाई. पह्यले कशी गाडी गरजे! आता कारकुनासारखी चालून राह्यली. थोडं डिझेल वाढवून द्या."

मी त्यांना स्क्रीन दाखवली, आलेख दाखवला. ते मान हलवत राहिले. मला भीती वेगळीच होती. आज मी नाही म्हटलं तर उद्या हे त्याच मिस्त्रीकडे जातील, आणि तो आनंदानं वाढवून देईल.

चहाच्या टपरीवर मैनाबाईंनी मला बाजूला घेतलं. "बाई, तू काम चांगलं केलं. पण प्रेक्षकाले दाखवलं काय? आमच्या नाटकात भूत येते तेव्हा आधी लाल लाइट लागते. लाइट नाई लागली तं लोक भुताले मामा म्हणतात."

"मग?"

"मंग काय! लाइट लाव."

मी पाच मिनिटं हसत होते. मग देवाजीला बोलावलं. त्यानं भुताच्या सीनमधला छोटा लाल दिवा काढून आणला, एक बटन शोधलं, आणि आम्ही दोन्ही डॅशबोर्डवर बसवले, बरोबर प्रल्हादभाऊंच्या डोळ्यांसमोर. वायर बॅटरीतून बटनाकडे, बटनातून दिव्याकडे. बस.

माझी एकच अट होती, मी खोटं बोलणार नाही. प्रल्हादभाऊंना केबिनमध्ये बसवलं आणि स्पष्ट सांगितलं, "भाऊ, हे बटन दाबलं की हा दिवा लागतो."

"अस्सं!" त्यांचे डोळे चमकले. "चढावर दाबाचं?"

"तुम्हाला वाटेल तेव्हा दाबा."

चढ आला. प्रल्हादभाऊंनी दोन्ही हातांनी सीट धरली. "देवाजी, दाब!" देवाजीनं बटन दाबलं. दिवा लागला. प्रल्हादभाऊ आपोआप मागे रेलले. "हां! आता कशी गेली! पाठीले धक्का लागला ना, मैनाबाई?"

"माझी तं कंबर मोडली," मैनाबाई निर्विकारपणे म्हणाल्या. देवाजी खिडकीबाहेर पाहत होता. त्याचे खांदे हलत होते.

दुसऱ्या दिवशी ट्रक वेळेच्या आधी पोचला, प्रयोग झाला, गावानं पुढच्या वर्षाचा शब्द दिला. मला देवाजीचा फोन आला, मी कामाला लागले.

हंगाम अर्धा झाला असेल. एक दिवस माझ्या घुग्घुसच्या शेडसमोर एक ट्रक उभा राहिला आणि एक भारदस्त गृहस्थ उतरले. मुरलीभाऊ. "इंजिनाले हात नाई लावाचा," ते म्हणाले. "प्रल्हादच्या गाडीत हाये ते बटन मले पाह्यजे."

मी आत जाऊन प्रल्हादभाऊंना फोन लावला. "तुम्ही यांना काय सांगितलंत?"

"तुमी मले सांगतलं तेच. बटन दाबलं का दिवा लागते. एक शब्द जास्तीचा नाई."

मी दारातून बाहेर मुरलीभाऊंकडे पाहिलं.

"मॅडम, नाटकातला माणूस आहो मी," ते म्हणाले. "वायर कुठी जाते ते मी चामोर्शीले पोचलो तेव्हाच पाह्यलं."

"मग बोलला का नाहीत?"

"कायले बोलू? चढावर मजा येते. देवाजी अन् मैनाबाई किती मन लावून ॲक्टिंग करून राह्यले! अन् आणखी एक सांगू? मोठे इंजेक्टर टाक, गाडी उडते, हा सल्ला मले मुरलीनंच देल्ला होता."

मी बाहेर आले. मुरलीभाऊंच्या ट्रकचा एअर फिल्टर उघडला, तर आत धुळीची शेती झाली होती. तो बदलला. मग बटन बसवलं. दिवा त्यांना प्रल्हादभाऊंच्या दिव्यापेक्षा मोठा हवा होता, तोही आणला. आणि नीट सांगितलं, "भाऊ, यानं इंजिनात काही फरक पडत नाही. बटन दाबलं की दिवा लागतो."

त्यांनी मला डोळा मारला. "समजलो!"

आठवड्यानं निरोप आला की गाडी चढावर हरणासारखी पळते. पळणारच, तिला श्वास घ्यायला मिळाला होता. पण श्रेय दिव्याला गेलं. इतकी वर्षं या धंद्यात काढून मी एवढंच शिकले: इंजिनाला हवा लागते, डिझेल लागतं. मालकाला दिवा लागतो.