नडगीतले प्लास्टर

१२ फेब्रुवारी १९४६, सकाळचे नऊ वाजून वीस मिनिटे. सांगलीतील आमच्या रुग्णालयात मुख्य सर्जनसाहेब वाफेने निर्जंतुक करायच्या ड्रममध्ये छिन्नीने ठोकत होते. आत दगड होता. आदल्या दिवशी ते प्लास्टर ऑफ पॅरिस होते.

हे प्लास्टर मोडलेल्या पायावर बाहेरून घालतात, हे सर्वांना ठाऊक असते. आम्हाला ते हाडात भरायचे होते. जिप्सम हे खनिज भाजले की पाणी उडून भुकटी उरते. मडक्यासारखीच भाजून केलेली वस्तू. पाणी मिळताच ती पुन्हा घट्ट होते. शरीर ती हळूहळू विरघळवते आणि तिच्या जागी हाड वाढते. निदान पुस्तके तसे म्हणत.

रुग्ण होता वडूजकडचा, फौजेतला नाईक बिरू. लढाईवरून परतला तो जखम चिघळून नडगीच्या हाडात झालेली पोकळी घेऊन. पू थांबला होता. पण पोकळी भरली नाही तर पाय गुडघ्याखाली कापायचा, असे ठरले होते.

"वाफेत घातलं तर ते ड्रममध्येच घट्ट होईल," असे मी आदल्या दिवशी सांगितले होते.

"बाई, वाफेतून गेल्याशिवाय माझ्या थिएटरात काहीही येत नाही. मी ड्रममध्ये मावत नाही, म्हणून सुटलो."

वरिष्ठांच्या विनोदाचा मान राखून सर्व हसले. मी प्रयोगशाळेतली बी.एस्सी. असल्यामुळे ड्रम उचलण्याचे काम मला मिळाले.

नियम मात्र चोख पाळला गेला होता. दगड पूर्णपणे निर्जंतुक होता.

"आता?" साहेबांनी छिन्नी खाली ठेवली.

"अर्धा डबा माझ्या कपाटात आहे. प्रयोगशाळेतल्या कोरड्या भट्टीत तापवते."

"अर्धा उरला कसा?"

"तुमच्या नियमावर माझा पूर्ण विश्वास होता, सर."

स्ट्रेचरवरून बिरू म्हणाला, "आवं ताई, भिताडाला लावत्यात त्यो माल पायात भरताय व्हय?"

"साधारण तसलाच."

"मग जरा नीट घोटा. पावसाळ्यात गळाया नगं."

दुपारी पोकळी भरली.

जूनच्या एक्स-रेत प्लास्टरचा पांढरा डाग जवळजवळ नाहीसा झाला होता. साहेबांनी तत्काळ निदान केले, "गेलं तुमचं प्लास्टर! आता कापणं आलं."

मी फिल्म खिडकीला धरून मोजपट्टी लावली. फेब्रुवारीत पोकळी एकेचाळीस मिलिमीटर होती, आता एकोणीस.

"प्लास्टर गेलं, सर. त्याच्यामागोमाग पोकळीही निघाली आहे."

साहेबांनी मोजपट्टी स्वतः लावून पाहिली. दोनदा. करवत कपाटातच राहिली.

ऑक्टोबरात बिरू दोन्ही पायांवर चालत आला, भुईमुगाच्या शेंगा घेऊन. त्याच महिन्यात साहेबांनी डॉक्टरांच्या सभेत निबंध वाचला. त्यात कोरडी भट्टी ही 'आमच्या थिएटरची जुनी शिस्त' होती. माझे नाव नव्हते. नियम कधी चुकत नाहीत, हे मी तिथे शिकले. ते दुरुस्त झाले की पूर्वीपासूनच तसे असतात.

बिरूच्या ऑक्टोबरच्या फिल्मच्या कोपऱ्यात मात्र अक्षर माझे आहे: उरलेली पोकळी, दोन मिलिमीटर.