पाहुण्यांना सामोरं जाणारी माणसं

बारामतीतल्या माझ्या खोलीत एक कॉट, एक गॅस आणि एक कॉम्प्युटर आहे. कॉम्प्युटर गेम खेळायला घेतलाय हे मी गावाकडं, आमच्या वस्तीवर सांगितलेलं नाही. तिथं सगळ्यांना वाटतं, मी ऑफिसचं काम खोलीवर आणतो. एमआयडीसीतली शिफ्ट सुटली की मी येतो, कुकर लावतो आणि घोड्यावर बसतो. घोडा अर्थात गेममधला. शीळ घातली की येतो. शीळच कशाला, हाक मारली तरी येईल असं दुसरं कुणी त्या खोलीत नव्हतं, म्हणून मला त्याचं कौतुक जास्त.

गेम जुन्या अमेरिकेतला. बंदुका, टोप्या, लाकडी गावं. त्यात डोंगरातल्या रानात एक टोळी राहते. सगळे एका रक्ताचे, आपल्याकडची भावकीच म्हणा. अंगावर चिंध्या, किडके दात, हातात लांब पाती. वाटसरूला पकडून गुहेत नेतात. पुढं काय करतात ते न लिहिलेलं बरं. गावातली माणसं आधीच बजावून सांगतात, त्या बाजूला जाऊ नका, ती माणसं न्हवंतच. त्यामुळं त्यांना मारताना हात जड होत नाही. मीही पोटभर मारली. रस्त्याकडंला चार जण पाती घेऊन उभे दिसले की आपण घोड्यावरूनच गोळ्या झाडायच्या, थांबायचं कशाला?

माझी स्वतःची वस्ती पळसदेवच्या पुढं, उजनीच्या पाण्याच्या काठाला. मूळ घरं धरणात गेली, तेव्हा आमची भावकी वर माळावर सरकली आणि तिथंच राहिली. आईवडील माझ्या लहानपणीच गेले. थोरल्या चुलत्यांनी, म्हणजे तात्यांनी, मला त्यांच्या पोरांच्या पंगतीला बसवून वाढवलं. माझ्या जन्माआधी कधीतरी पाण्यातल्या मोटारी बसवण्यावरून आमच्या माणसांची आणि शेजारच्यांची मारामारी झाली होती. त्यात एकाचा हात मोडला. पुढं लोकांनी त्या काट्याचा नायटा केला. हायवेच्या चहाच्या टपरीवर विचारा, हात तोडला इथपासून माणूस पाण्यात सोडला इथपर्यंत हवं ते ऐकायला मिळेल. एकदा कानफाट्या नाव पडलं की पडलं.

त्या नावापायी माझी पस्तिशी आली. स्थळं यायची, टपरीवर चौकशी करायची आणि तिथूनच परत जायची. मी हसून सोडून द्यायचो. खरं सांगायचं तर एकट्यानं भात खाण्याचा मला इतका कंटाळा आला होता की शेजारच्या खोलीतली भांडणंसुद्धा मी कान लावून ऐकायचो.

मग सांगवीचं स्थळ आलं. मुलगी बारामतीतच एका दवाखान्यात नोकरीला. घरच्यांच्या परवानगीनं आम्ही फोनवर बोलू लागलो. तीही डबा खाताना समोर मोबाईल उभा करून ठेवते, कुणीतरी बोलत असावं म्हणून, असं तिनं सांगितलं तेव्हा मला ती एकदम आपली वाटली. महिनाभर मी घोड्यावर बसलो नाही. हे लग्न व्हावं असं मला फार वाटत होतं.

एका रविवारी तिचे वडील आणि चुलते घर बघायला निघाले. आमच्या भावकीची एक रीत आहे. पाहुण्याला वस्तीवर आपलं आपण येऊ देत नाहीत, आणायला जातात. पाण्याकाठची वाट पूर्वी चिखलाची होती, गाडी रुतायची, त्यावरून पडलेली रीत. आता डांबर झालं तरी सगळे पुरुष ओढ्याच्या पुलापर्यंत सामोरे जातात. मान मोठा असेल तितकी माणसं जास्त. फक्त नवऱ्या मुलानं जायचं नसतं, म्हणून मी इस्त्रीचा शर्ट घालून घरात.

त्या दिवशी सगळे उसाचं बेणं तोडत होते. गाडी हायवेवरून वळल्याचा फोन आला तशी तात्यांनी शिवारभर हाक दिली. पाहुणा ताटकळू नये म्हणून माणसं होती तशी पळाली. तोंडाला बांधलेली फडकी, पाचटानं ओरबाडलेले हात आणि हातातले कोयते तसेच. मी गच्चीवरून बघत होतो. पुलावर रस्ता भरून आमची माणसं उभी राहिली. पांढरी गाडी वळणावर आली, थांबली. तात्यांनी आनंदानं हात वर केला. त्या हातात कोयता होता.

गाडी तिथंच उलटी फिरली आणि धुरळा उडवत गेली.

त्या गाडीत मी असतो तर मीही वळवली असती. नव्हे, गेममध्ये मी घोडा वळवलाही नव्हता, सरळ गोळ्या घातल्या होत्या. ती चिंध्यांतली माणसं कुणाला आणायला उभी असतील, हे मला तोवर कधी सुचलंच नव्हतं. खाली चुलती पोह्यांवर खोबरं घालत होती.

संध्याकाळी तिचा फोन आला. मी बैलांच्या मोकळ्या गोठ्यात जाऊन घेतला. वडील घाबरलेत, पण त्यांची समजूत घालता येईल, असं ती म्हणाली. तुम्ही बारामतीतच राहता, तिथंच संसार करायचा, वस्तीशी येणंजाणं ठेवायचं नाही, एवढं तुमच्या तोंडून त्यांना ऐकायचंय. ती हे सगळं भांडल्यासारखं बोलत नव्हती, माझी बाजू घेऊनच बोलत होती. शेवटी हळूच म्हणाली, "तुम्ही त्यांच्यातले वाटतच नाही हो. तुम्ही नव्हता ना तिथं पुलावर?"

नव्हतो, हे खरं होतं. तेवढा एक शब्द बोललो असतो तर आज बारामतीची ही खोली दोघांची असती.

"होतो की," मी म्हणालो. "पुढंच उभा होतो."

ती बरं म्हणाली आणि फोन ठेवला.

गोठ्यातून बाहेर आलो तर तात्या दारात बसले होते. दिवसभर त्यांनी घास घेतला नव्हता. पाहुण्यांचा काही सांगावा आलाय का, असं त्यांनी विचारलं. मी मान हलवली, अजून नाही म्हणून.

"लय जण हुतो, बिचकलं आसतील," ते म्हणाले. "पुढच्या खेपेला कोयतं फडातच ठिवू आन् फेटं बांधून हुबं ऱ्हाऊ. मंग येतील का न्हाय?"

येतील की, मी म्हणालो आणि त्यांना जेवायला उठवलं.